पंतांच्या अंगावरचे ठिपके

४ फेब्रुवारी

ही आज सकाळी बहिणीकडे गेली. थोडे दिवस हवापालट. दोन मोठ्या बॅगा, शिवणाचं मशीन आणि स्वतःची उशी. बायकांना थोड्या दिवसांसाठीसुद्धा किती सामान लागतं! साडू गाडी घेऊन आला होता. माझ्याशी नेहमीसारखा बोलला नाही. मशीन त्यानेच उचललं, पाठ धरली असावी.

निघताना म्हणाली, जागा झाली की टाकी नेईन, तोवर मासे सांभाळा. जागा झाली की, म्हणजे राग उतरला की. चौतीस वर्षांच्या संसारात हिची भाषा मला पाठ झाली आहे. राग कशाचा ते मात्र नीट समजलं नाही. तुम्ही ऐकत नाही, असं काहीसं म्हणत होती. कानांची तपासणी गेल्याच वर्षी झाली. दोन्ही कान उत्तम आहेत.

संकल्प : ती परत येईल तेव्हा टाकी अशी दिसली पाहिजे की दारातच थबकेल.

५ फेब्रुवारी, सकाळ

टाकीची रीतसर पाहणी केली. हॉलमध्ये खिडकीशेजारी, सोफ्याएवढी लांब. दोन एंजल मासे, तळ झाडत फिरणाऱ्या मिशाळ कोऱ्या, काही गोगलगायी आणि पंत. पंत म्हणजे क्लाउन लोच. नारिंगी अंग, त्यावर काळे पट्टे, तोंडाशी मिशा. लेक शाळेत असताना आणला तेव्हा बोटाएवढा होता, आता चांगला वीतभर झालाय. ही त्याच्याशी गप्पा मारते. इतकी वर्षं मला वाटायचं की ती माझ्याशीच बोलते आहे, म्हणून मी उत्तर देत नसे.

दुपार

पंत तळाशी आडवा पडलेला. एका कुशीवर, डोळे उघडे. मेलाच! लगेच हिला फोन लावला. म्हणाली, तो तसाच झोपतो, आणला त्या दिवसापासून तसाच झोपतो. मग म्हणाली, तुम्ही कधी पाहिलं नव्हतंत?

म्हटलं, पाहिलं होतं, फक्त खात्री करून घेतली.

८ फेब्रुवारी

टाकी रिकामी रिकामी वाटते. हॉलही. हिला सरप्राइज म्हणून निऑन माशांचा एक घोळका आणला. निळे-लाल, चमचमणारे. दुकानातल्या पाण्यासकट पिशवी टाकीत उलटी केली. गॅलरीत हिची एक छोटी रिकामी टाकी आहे. नवे मासे आले की ही आधी त्यांना त्या टाकीत वेगळं ठेवते, तेसुद्धा कितीतरी आठवडे. मला हा भेदभाव पटत नाही. घरात आलेला पाहुणा गॅलरीत का म्हणून?

हिला फोटो पाठवला नाही. सरप्राइज फुटेल.

१३ फेब्रुवारी

दोन निऑनच्या शेपटीवर पांढरे ठिपके. मीठ भुरभुरल्यासारखे. वयात आले असावेत.

एंजल दगडाला अंग घासून सपकन पळतात. टाकीत चैतन्य आलंय. सोबतीचा परिणाम.

१५ फेब्रुवारी

पंतांच्या अंगावरही ठिपके. काळ्या पट्ट्यांवर तर फारच उठून दिसतात. लेकीला फोटो पाठवला. तिचा तडक फोन आला. म्हणाली, बाबा, हा परजीवी आहे, व्हाइट स्पॉट म्हणतात, औषध द्यावं लागेल, पण आईला विचारून द्या.

म्हटलं, आईला कशाला त्रास? ती विश्रांतीला गेली आहे. शिवाय मी तीस वर्षं केमिकल कंपनीत काढली आहेत. केमिकल म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

लेक म्हणाली, बाबा, तुम्ही डिस्पॅचला होतात.

आजकालच्या मुलांना काय सांगणार? डिस्पॅच हा कंपनीचा कणा असतो. ड्रमवर कवटीचं चित्र कुठल्या बाजूला हवं हे मी झोपेतही सांगेन.

१६ फेब्रुवारी, सकाळ

दुकानातून औषध आणलं. लहानशी बाटली, आत गडद हिरवं-निळं. लेबलवरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. चष्मा सापडेना. एरवी हीच तो शोधून द्यायची. डोसाचा आकडा तेवढा ठळक छापलेला होता, तो वाचला. बाकी मजकूर कायदेशीर असणार.

टाकीची लांबी, रुंदी, उंची मोजून गुणाकार केला. वाळू, दगड, वरची रिकामी जागा अशा किरकोळ वजावटी केल्या नाहीत. थोडं जास्त गेलं तर गुण लवकर येईल. लेबलवर हातमोज्यांचं चित्र होतं. मला वाटलं, कंपनीचं बोधचिन्ह. आता दहाही बोटं निळी झाली आहेत. शर्ट निळा. टाकीच्या काचांमधला पांढरा जोडही निळा. पाणी मात्र सुंदर दिसत होतं.

संध्याकाळ

पाणी पुन्हा स्वच्छ! माशांनी औषध पिऊन टाकलं. म्हणजे त्यांना त्याची गरज होती. परत तेवढंच घातलं.

पंत एअर पंपाच्या बुडबुड्यांपाशी जाऊन उभे आहेत. जोरात श्वास घेतात. व्यायाम चांगला.

१८ फेब्रुवारी

ठिपके गेले! एकूण एक. निऑन साफ, एंजल साफ, पंत साफ. औषध बंद. बाटली कपाटात. आरशासमोर उभा राहून स्वतःचं अभिनंदन केलं, दुसरं कोणी घरात नव्हतं.

हिला मेसेज केला : साथ आटोक्यात आली, चिंता नसावी. लगेच फोन. कसली साथ?

सगळं सांगितलं. निऑनचंही सांगावं लागलं. मग तिने प्रश्नांची फैर झाडली. फिल्टरमधला कार्बन काढला होतात का? तो औषध शोषून घेतो. पंताला अर्धाच डोस दिलात ना? त्याचे खवले नावापुरते असतात, औषध त्याला थेट लागतं. दिलंत किती दिवस? म्हणाली, ठिपके गेले म्हणजे किडे मेले असं नव्हे हो, ते अंगावरून सुटून तळाशी जातात, तिथे एकाचे शेकडो होतात आणि परत माशांवर चढतात, पाण्यात मोकळे असतात तेव्हाच औषध त्यांना मारतं, म्हणून ठिपके गेल्यावरही चालू ठेवायचं असतं.

मी हो, हो म्हणत होतो. बऱ्याच दिवसांनी ती इतकं बोलत होती. आवाज ऐकून इतकं बरं वाटत होतं की शब्दांकडे लक्ष गेलं नाही. वर लिहिलंय ते आठवून आठवून लिहिलं आहे, काही सुटलंही असेल.

सारांश : तिला काळजी वाटते. म्हणजे येणार.

२१ फेब्रुवारी

ठिपके परत आले. दसपटीने. पंत नारिंगी दिसतच नाहीत, पिठात लोळल्यासारखे दिसतात. एंजलचे पंख मिटलेले.

हिला फोन करणार होतो. हातात घेऊन ठेवला. बरं झालं म्हणून कळवून दोनतीन दिवस होताहेत. लगेच शब्द मागे कसा घ्यायचा? आधी बरं करतो, मग सांगतो.

दुसऱ्या दुकानात गेलो. पहिल्या दुकानदाराला तोंड दाखवणं नको वाटलं. तिथे वेगळी बाटली मिळाली, तांब्याचं औषध. आधी काही घातलं आहे का, असं त्याने विचारलं नाही, मीही बोललो नाही. घरी येऊन दोन्ही औषधं घातली. एकाला दाद न देणारा रोग दोघांपुढे नमेल. फिल्टरचा स्पंजही नळाखाली ब्रशने घासून लख्ख केला. केवढा काळा गाळ निघाला! हिने वर्षानुवर्षं साठू दिला होता. मी काही बोलणार नाही.

२२ फेब्रुवारी

गोगलगायी शंखातून लोंबकळत बाहेर आल्या आहेत. हात लावला तरी आत जात नाहीत. पाण्याला वास येतो. निऑनपैकी तीन गेले. हिच्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरले. मोगऱ्याला खत होईल असं मनात आलं आणि मग माझीच मला लाज वाटली.

उरलेले सगळे पाण्याच्या वर तोंडं काढून उघडझाप करतात. भूक लागली असणार. खाणं टाकलं. कोणी शिवलं नाही. बुडून तळाशी गेलं.

मी टाकीपाशी गेलो की वर येतात. तसे मी नसतानाही वरच असतात. पण मला ओळखू लागलेत हे नक्की.

२३ फेब्रुवारी, सकाळ

पंत आडवे. एका कुशीवर. मी या वेळी घाबरलो नाही. झोपलेत. आवाज न करता चहा केला.

दुपार

अजून झोपलेत. आजारात झोप लागणं चांगलं लक्षण. शरीर भरून काढतं.

संध्याकाळ

एक कोरी पंतांच्या अंगावरून गेली. पंत हलले नाहीत. खुर्ची टाकीजवळ ओढून बसलो. ही बोलायची तसं त्यांच्याशी बोलून बघावं म्हटलं. काय बोलायचं सुचेना. हवेबद्दल बोललो. आज ऊन जरा जास्त आहे म्हणालो. मग तेही संपलं.

हिला फोन केला. म्हणालो, मला काही कळत नाही गं. मी सगळं बिघडवलंय. काय करू सांग.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाली, बादली घ्या. एकेक सांगते तसं करा. अर्धं पाणी काढा. नवं पाणी हाताला तेवढंच कोमट लागलं पाहिजे. नळाच्या पाण्यात आधी क्लोरीन काढायचे थेंब, खालच्या खणात पांढरी बाटली. त्याच खणात नवा कार्बन आहे, तो फिल्टरमध्ये घाला, औषधं ओढून घेईल. हवेचा पंप पूर्ण मोठा. खाणं बंद. औषधाला हात लावायचा नाही.

कागद शोधण्यात वेळ घालवला नाही. तळहातावर पेनने लिहीत गेलो. शेवटी म्हणाली, उद्या सकाळच्या बसने येते.

येते!

२४ फेब्रुवारी

आली. चप्पल काढली, पर्स ठेवली आणि सरळ टाकीकडे. जाळीने पंतांना उचललं, ओल्या हातावर घेतलं. थोडा वेळ पाहत राहिली. कधीपासून असा आहे, विचारलं. म्हटलं, कालपासून. झोपलाय असं वाटलं. तिने तो स्वतःच्या रुमालात गुंडाळून कुंडीत पुरला. मोगरा तिने दोन्ही हातांनी धरला होता, माती मी उकरली.

ती ओरडेल म्हणून तयारी ठेवली होती. उत्तरंही ठरवली होती. ओरडलीच नाही. तयार उत्तरांचं काय करायचं ते कळेना.

मग दिवसभर काम. गॅलरीतली छोटी टाकी आत आणली. तिच्यात पाणी मापाच्या जगाने मोजून ओतलं, म्हणजे लिटर नेमके कळतात. मोठ्या टाकीचं पाणी काढतानाही जगाने मोजायला लावलं. माझ्या गुणाकारापेक्षा कितीतरी कमी निघालं. बाकीच्या कोऱ्या आणि निऑन रात्रीतून गेले होते; उरलेले मासे, दोन एंजल, एक कोरी आणि दोन निऑन, छोट्या टाकीत हलवले. मोठीत मासेच राहिले नाहीत की किड्यांना चढायला कोणी मिळत नाही, आपोआप मरतात, असं ती म्हणाली. कार्बनने जुनी औषधं ओढून घेतली की एकच औषध द्यायचं, तांब्याचं नाही. कोरीसाठी अर्धा डोस. प्रत्येक वेळी द्यायच्या आधी थोडं पाणी बदलायचं. हीटर एकदम नाही, हळूहळू वाढवायचा. हातमोजे घालायचे. स्पंज नळाखाली कधीही धुवायचा नाही, त्यातल्या गाळात पाणी साफ करणारे जिवाणू राहतात. मी ते सगळे नाल्यात पाठवले होते.

तिचं प्रत्येक वाक्य झालं की मी ते परत म्हणून दाखवत होतो. शाळेत कविता म्हणायचो तसा. एकदा ती हसली. फार नाही, पण हसली. मग बादलीला धक्का लागून माझे पाय भिजले, तेव्हा आणखी हसली. असा दिवस या घरात शेवटचा कधी गेला, आठवत नाही.

तिने तिच्या खुर्चीत बसून चहा घेतला. मी आत जाऊन पलंगावर स्वच्छ चादर घातली. तिच्या बाजूला माझीच दुसरी उशी ठेवली. बाहेर आलो तर ती पर्स घेऊन उभी. पाचची बस गाठायची म्हणाली. रोज सकाळी फोन करते म्हणाली.

रोज!

२७ फेब्रुवारी

पाण्याला वास नाही. ठरल्याप्रमाणे औषध सुरू केलं. मोजताना ती फोनवर होती. थेंब मोठ्याने मोजले. मध्ये दारावरची बेल वाजली, उघडलं नाही.

फोन रोज वेळेवर येतो. तापमान किती, ठिपके किती, एंजल पंख उघडतो का, कोरी खाते का. मी फोन यायच्या आधी सगळं बघून तयार असतो. माशांचं झालं की फोन ठेवते. आज म्हटलं, इथे तुझ्यावाचून, आणि तेवढ्यात तिने हीटरचं विचारलं. सांगितलं.

एक निऑन गेला. लपवलं नाही. लगेच सांगितलं.

५ मार्च

ठिपके गेले. औषध थांबवलं नाही. आधी विचारलं, आता काय करू? म्हणाली, अजून चालू ठेवा. मग म्हणाली, बरोबर विचारलंत.

बरोबर. हा शब्द तिच्या तोंडून माझ्याबद्दल.

१३ मार्च

औषध संपलं. कार्बन घातला, पाणी काचेसारखं. मासे मोठ्या टाकीत सोडले. दोन एंजल, एक कोरी, एक निऑन. हिशेबाला थोडे आहेत, पण जिवंत आहेत आणि खातात. एंजल पंख पसरून फिरतो तेव्हा सगळी खोली त्याचीच असते.

हिला कळवलं. खूप आनंद झाला तिला. म्हणाली, रविवारी येते, दुपारी घरी असाल ना?

मी कुठे जाणार?

संकल्प : तिचं कपाट पुसून ठेवणे. (रिकामंच आहे, वेळ लागणार नाही.) हॉलमधला बल्ब बदलणे. ती बोलत असताना मध्ये न बोलणे.

१६ मार्च, रविवार

दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. फुलं आणून ठेवली.

ती आली. मागे साडू, त्याच्यामागे टेम्पोवाला. पाइप, झाकणाची पिंपं, जुनी ब्लँकेटं.

जागा झाली होती. बहिणीच्या घराजवळ दोन खोल्या घेतल्या आहेत. तळमजल्यावर, टाकीचं वजन पेललं पाहिजे म्हणून. हे तिने मला खुर्चीवर बसवून, शांतपणे सांगितलं. रागावून नाही. रागावली असती तर समजूत घालता आली असती. मी मध्ये एकदाही बोललो नाही. सगळं ऐकलं. संपल्यावर म्हटलं, मी आता ऐकायला शिकलो आहे, तू पाहिलंस.

म्हणाली, हो, पाहिलं. मनापासून केलंत. मासे तुमच्यामुळे वाचले. मग पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, पण मीच आता सांगून सांगून दमले हो.

पाणी उपसायला मी मदत केली. पाणी फेकू नका, अर्धं बरोबर न्यायचं आहे, हे टेम्पोवाल्याला मीच बजावलं. एंजलची पिशवी मी हातात धरून खाली नेली, ऊन लागू नये म्हणून शर्टाच्या आडोशाने. टेम्पोत ती पुढे बसली, पिशवी तिच्या मांडीवर दिली. ती म्हणाली, जेवण वेळेवर करा. साडूने या वेळी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

फुलं द्यायची राहिली. ती ठेवायला बरणीही नाही, पेल्यात ठेवली आहेत.

१७ मार्च

लेकीचा फोन आला. कसे आहात, विचारलं. मजेत म्हणणार होतो. म्हटलं, तुझी आई मला सोडून गेली. हे वाक्य तोंडातून पहिल्यांदाच निघालं.

लेक हळूच म्हणाली, बाबा, मला माहीत आहे. आईने मला हॉलमधूनच फोन केला होता, नोव्हेंबरात. त्याच्या आधी, त्याच संध्याकाळी तिने तुम्हालाही सांगितलं होतं. तुमच्या शेजारी बसून. मी नवीन वर्षापर्यंत वाट बघते, मग जाईन, असं.

मला सांगितलं होतं? मग मी काय म्हणालो, असं विचारलं.

लेक सांगेना. पुन्हा विचारलं. म्हणाली, जाऊ दे ना बाबा. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सांगितलं.

मी म्हणालो होतो, बरं, आणि तो टीव्हीचा आवाज जरा मोठा कर.

तिने केला होता.